हौशी गटाचा फॉर्म

(मंडळाच्या मासिक सभेतल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागे आवाज येतोय ना? बरं. मला चाळीस मिनिटं दिलीत, त्यातली दहा पोह्यांनी खाल्ली.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कॉलेज बास्केटबॉलमधली पळापळ आणि व्यावसायिक होण्याचे नियम'. यातला 'पळापळ' हा शब्द सेक्रेटरींचा. माझं म्हणणं उलट आहे. अमेरिकेतली पोरं हल्ली कॉलेजात जास्त रमतात. फक्त एका कॉलेजात रमत नाहीत.

आधी माझी तक्रार. टीम कुठली ते सांगत नाही, समोर वैरी बसलेत. पूर्वी पोरगा आला की तीन-चार वर्षं दिसायचा. त्याची आई कुठल्या रांगेत बसते तेसुद्धा आम्हाला ठाऊक असायचं. आता नोव्हेंबरात नावं पाठ करायला घ्यायची, मार्चमध्ये कुठे चेहरे ओळखीचे होतात आणि एप्रिलमध्ये घर रिकामं. लेकीला ११ नंबरची जर्सी घेतली होती. त्या नंबरात तेव्हापासून चार जण खेळून गेले. ती म्हणते, "बाबा, घर तेच आहे, भाडेकरू बदलतात."

केंटकी विद्यापीठाच्या टीमचे चाहते, तुम्ही हसू नका. २०२४च्या एप्रिलमध्ये तुमचे कोच कॅलिपारी पंधरा सीझन काढून आर्कान्सॉ विद्यापीठात गेले. त्यांच्या जागी मार्क पोप आले, तेव्हा स्कॉलरशिपवरचा जुना एकही खेळाडू त्यांच्या वाट्याला आला नाही. तिकडे कॅलिपारी नव्या टीमला भेटले आणि बाहेर येऊन म्हणाले, टीमच नाहीये! पण घर आधी कोणी सोडलं? कोच गेला की ती प्रगती, पोरगा गेला की बेइमानी. अनेक वर्षं नियमही तसाच होता. कॉलेज बदललं तर एक वर्ष बाकावर बसायचं. कोचला बसवलेलं कुणी पाहिलंय?

याच्या मुळाशी एक शब्द आहे, हौशी. आपल्याला तो राज्य नाट्य स्पर्धेमुळे माहीत. बँकेतून सुटून तालमीला येणारा, स्वतःच्या पैशानं चहा पिणारा तो हौशी. इथे कॉलेजांची मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा दाखवायला टीव्हीवाल्यांनी २०१०मध्ये चौदा वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलर कबूल केले. नेपथ्यवाल्यापासून तिकिटवाल्यापर्यंत सगळे व्यावसायिक, नट तेवढे हौशी.

आता माझा लाडका माणूस, स्पेन्सर हेवूड. मिसिसिपीत लहानपणी कापूस वेचलेला. १९६८ला मेक्सिकोत ऑलिंपिकचं सुवर्णपदक, वय १९. पुढे डेट्रॉइट विद्यापीठात एक सीझन खेळून तो डेन्व्हरला गेला, एनबीए या बड्या व्यावसायिक लीगला टक्कर देणाऱ्या एबीए लीगमध्ये. पहिल्याच वर्षी तिथला सर्वोत्तम खेळाडू! मग सिएटलनं त्याला एनबीएत आणलं आणि घोळ झाला. एनबीएचा नियम होता, शाळा सुटल्यावर चार वर्षं होईपर्यंत घ्यायचं नाही. खटला सुरू. कोर्टाच्या तात्पुरत्या आदेशावर पठ्ठ्या खेळतोय. हेवूड सांगतो, परगावच्या मैदानावर माइकवरून घोषणा व्हायची, सभ्य स्त्रीपुरुषहो, आज मैदानावर एक बेकायदा खेळाडू आहे. लग्नात अक्षता पडताना कुणी माइकवर सांगावं की नवरदेवाची कागदपत्रं अपुरी आहेत, तसं! आणि वीस-एकवीस वर्षांच्या पोरानं त्यानंतर बॉल टाकायचा.

मार्च १९७१मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याचा खेळण्याचा आदेश कायम ठेवला. लीगनं तडजोड केली, पण कशी? लवकर यायचं तर घरची हलाखी सिद्ध करा. म्हणजे आपला उत्पन्नाचा दाखलाच की! तहसीलदार तेवढा नव्हता. १९७६ला ती अटही गेली. गार्नेट, कोबी, लेब्रॉन हे सगळे शाळेतून थेट आले ते याच दारातून.

एक पोटगोष्ट, आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची. ऑस्कर शिबवे, काँगोचा, केंटकीचा, २०२२चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. २०२१च्या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली होती. पण हा होता एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, अमेरिकेत बाहेरची कमाई बंद! आपण लायब्ररीत पुस्तकं लावायचो, आठवड्याला वीस तास, एकविसावा झाला तर पोटात गोळा. याचीही तीच गत. मग टीम बहामाला सामने खेळायला गेली, तेव्हा यानं जाहिरातींची कामं तिथे उरकली. देशाबाहेर, म्हणजे नियमात! टाळ्या त्याच्या वकिलाला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? म्हणजे मुद्दा आता पळवावा लागणार.

२००५च्या करारात एनबीएनं दार पुन्हा अर्धं लावलं. वय १९ हवं आणि अमेरिकन पोराला शाळा सुटून एक वर्ष झालेलं हवं. म्हणून एक वर्ष कॉलेज आणि राम राम. ड्राफ्ट म्हणजे एनबीएचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम. २०१२च्या ड्राफ्टमधले पहिले दोघं, डेव्हिस आणि किड-गिलख्रिस्ट, दोघंही केंटकीचे, दोघंही पहिल्या वर्षाचे.

२०१८ला ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदवही. २०२१ला एकदा, २०२४पासून कितीही वेळा, अभ्यास ठीक असेल तर बाकावर न बसता कॉलेज बदलता येतं. जून २०२५मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी कॉलेज क्रीडा संघटनेवर केलेल्या खटल्यातल्या समझोत्याला मंजुरी दिली. आता कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षी साडेवीस दशलक्ष डॉलरपर्यंत.

आता माझा पुरावा. आपोआप पात्र होण्याआधीच, लवकर ड्राफ्टसाठी नाव देणारे २०२१ला ३५३ होते, २०२५ला १०६. एनबीएच्या टू-वे कराराचे, म्हणजे थोडं मुख्य संघात, थोडं दुय्यम संघात खेळायच्या कराराचे, २०२४-२५ला पावणेसहा लाख डॉलरच्या आसपास मिळायचे, आणि तेही मुख्य संघाच्या उंबरठ्यावर बसून. तेवढे बड्या कॉलेजात मिळत असतील तर कशाला जाईल? पूर्वी पळायचे ते कॉलेजातून बाहेर, आता पळतात ते या वर्गातून त्या वर्गात.

हो, घंटा ऐकली. एकच सांगतो. जेम्स नाजी, नायजेरियाचा. बार्सिलोनाकडून व्यावसायिक खेळला, २०२३च्या ड्राफ्टमध्ये ३१व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि डिसेंबर २०२५मध्ये कुठे दाखल झाला? बेलर विद्यापीठात. म्हणजे व्यावसायिक रंगभूमीवरचा नट हौशी गटाचा फॉर्म भरायला रांगेत उभा, आणि खिडकीतला कारकून म्हणतोय, या, बसा!

प्रश्न नंतर, जेवताना विचारा. केंटकीवाल्यांनी वेगळ्या टेबलावर बसावं.