काळ्या स्टाउटचं ट्रफल

(दृश्य : पातेल्यात ओतली जाणारी बिअर)

आज करायचे ट्रफल, म्हणजे चॉकलेटचे मऊ गोळे, आणि तेही स्टाउट, म्हणजे काळी बिअर घालून. ही डब्लिनची स्टाउट. बिअर बनवणाऱ्या आर्थर गिनेसने 1759 साली सेंट जेम्सेस गेटची जागा भाड्याने घेतली, तिथली. काळी वाटते खरी, पण उजेडासमोर धरली की गडद लाल दिसते. हा रंग येतो भाजून काळपट केलेल्या बार्लीचा. 1817 साली डॅनियल व्हीलरने फिरत्या पिंपात माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भाजण्याचं पेटंट घेतलं आणि धान्याची राख न होऊ देता इतकं गडद भाजणं जमू लागलं.

कोकोच्या बियांनाही भाजल्याशिवाय चॉकलेटचा वास येत नाही. या दोघांचं गोत्र एकच, भट्टीचं!

(दृश्य : वर चढणारा फेस)

250 मिली स्टाउटला पातेलं मोठंच घ्या. तापली की आतला वायू सुटतो आणि बघता बघता ती उतू जाते. मंद आचेवर साधारण 60 मिली उरेपर्यंत आटवायची. अल्कोहोल बराचसा उडतो, पण सगळा नाही. ज्यांना तो वर्ज्य आहे त्यांना हे आधीच सांगायला हवं. हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांचा) कडूपणा मात्र कुठेच जात नाही, उलट आटता आटता वाढत जातो. म्हणून हॉप्सचा मारा असलेली बिअर इथे नकोच. शेवटी चमचाभर ब्राउन शुगर घाला.

आता गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण. 100 मिली क्रीम उकळी फुटेपर्यंत तापवून बारीक चिरलेल्या 250 ग्रॅम डार्क चॉकलेटवर ओता. मिनिटभर हात लावू नका. मग मधोमध लहान लहान गोल फिरवत ढवळा. आधी गुठळ्या दिसतील, मग मध्यावर चकाकी येईल आणि ती कडेपर्यंत पसरेल. तेव्हा कोमट स्टाउट थोडी थोडी घाला.

(दृश्य : कडेला सुटलेलं तेल)

कधी मिश्रण फाटतं. कोकोआ बटर, म्हणजे चॉकलेटमधली चरबी, धरून ठेवायला पाणी अपुरं पडलेलं असतं. टाकून देऊ नका. चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा ढवळा, बहुतेक वेळा जुळून येतं.

कोमट झालं की 25 ग्रॅम लोणी, चिमूटभर मीठ, आणि रात्रभर विश्रांती. दुसऱ्या दिवशी गोळे वळून कोको पावडरमध्ये घोळवा.

कोकोआ बटर 34 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे गोळा चावावा लागत नाही. आधी चॉकलेट लागतं. भाजलेली बार्ली मागून, घशाशी येते.