मागच्या रांगेतल्या काकूंना दिसलं पाहिजे

संध्याकाळचे सव्वासहा वाजलेत. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर हा कॉम्प्युटर क्लास भरतो, नऊ मशीन आहेत, त्यातली सात चालू, आणि खिडकीजवळच्या मशीनवर ज्या ताई बसल्यात ना त्यांच्यासाठीच आज आपण इथे आलोय. ताई एका बचत गटाच्या अध्यक्ष, दहा जणींचा गट, उडदाचे पापड आणि शेवया करतात. पुढच्या मंगळवारी पंचायत समितीच्या सभागृहात गटांची बैठक आहे, प्रत्येक गटाने आपल्या कामाची माहिती द्यायचीय, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जो निरोप आला त्यात शेवटी लिहिलं होतं, पीपीटी सोबत आणावी.

ताईंनी मोबाईलवर हिशोब ठेवलाय, बँकेचे मेसेज त्यांना कळतात, पण पीपीटी, म्हणजे प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवायच्या स्लाइड, कधी केलेली नाही. सर म्हणाले, ताई पाच दिवस रोज एक तास या, होऊन जाईल.

पीपीटी हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय की गुगल स्लाइड्समध्ये केलं काय किंवा लिब्रे ऑफिसच्या इम्प्रेसमध्ये केलं काय, आपण पीपीटीच म्हणतो. पॉवरपॉइंटच्या फाईलच्या नावामागे जी तीन अक्षरं लागायची त्यावरून हे आलं, २००७ पासून त्याला एक एक्स जोडला गेला एवढंच. आणि हे पॉवरपॉइंट मुळात मायक्रोसॉफ्टचं नव्हतंच. फोरथॉट नावाची एक छोटी अमेरिकन कंपनी होती, तिथे रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी ते बनवलं, १९८७ मध्ये मॅकिंटॉशवर आलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती अख्खी कंपनी १ कोटी ४० लाख डॉलरला विकत घेतली. पहिली आवृत्ती चक्क काळी-पांढरी होती. त्यातून स्लाइड पारदर्शक कागदावर छापून घ्यायची आणि तो कागद ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायचा. ज्यांनी पूर्वी शिक्षकांची ट्रेनिंगं केलीत त्यांना तो प्रोजेक्टर आठवत असेल, गरम व्हायचा, आणि पान उलटं ठेवलं की सगळे खालून ओरडायचे.

ते आठवायचं कारण म्हणजे स्लाइड ही वस्तू पहिल्यापासून लांबून बघायची आहे. वहीत डोकं घालून वाचायचा कागद वेगळा आणि भिंतीवरचं चित्र वेगळं. हा फरक डोक्यात बसला की निम्मं काम झालं असं मला मनापासून वाटतं, आणि ताईंच्या बाबतीत तो कसा बसला ते आता बघा.

पहिल्या दिवशी ताईंनी पेन ड्राइव्ह आणला. गटाची सगळी माहिती तालुक्यातल्या एका डीटीपीवाल्याकडून दोन वर्षांपूर्वी टाईप करून घेतलेली. सरांनी ती कॉपी करून स्लाइडवर पेस्ट केली आणि स्क्रीनवर मराठीचं एक अक्षर नाही, सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, चिन्हं. ताईंचा चेहरा एकदम उतरला, त्यांना वाटलं आपल्या हातून काहीतरी बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होतं. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, कॉम्प्युटरला बिचाऱ्याला ते इंग्रजीच वाटतं, मग तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथे असा कचरा दिसतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर द्यायची सगळीकडे चालणारी पद्धत, त्यात म ला स्वतःचा नंबर आहे, ह ला स्वतःचा नंबर आहे, त्यामुळे ते कुठेही उघडा, म हा म च राहतो. विंडोजवर पूर्वी सगळीकडे दिसायचा तो मंगल फॉन्ट आठवतो ना, तो आपल्या र. कृ. जोशी सरांनी केलेला, आयआयटी मुंबईत शिकवायचे ते. आपण रोज ती अक्षरं वाचली आणि ती कोणी घडवली हे बहुतेकांना माहीतच नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मग सेटिंगमध्ये जाऊन मराठी कीबोर्ड जोडला, विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकदम दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं, आणि ताईंनी पहिलाच शब्द स्वतः टाईप केला, महिला. ल ला काना सापडायला थोडा वेळ गेला. सापडला.

दुसऱ्या दिवशी खरी गोष्ट घडली. नवीन स्लाइड घेतली की वर शीर्षकाची चौकट येते आणि खाली मजकुराची, त्यात क्लिक करा असं लिहिलेलं असतं. त्या चौकटीतच लिहायचं, उगाच वेगळा टेक्स्ट बॉक्स काढत बसायचं नाही, कारण पुढे डिझाईन बदललं तर चौकटीतला मजकूर आपोआप बदलतो आणि बॉक्समधला बऱ्याचदा तसाच राहतो. तर ताई लिहायला लागल्या. गट कधी सुरू झाला, पहिलं कर्ज किती, कोणी मदत केली, उडीद कुठून आणतो, पापड वाळवायला जागा नव्हती तेव्हा कोणाच्या गच्चीवर वाळवले, सगळं एकाच स्लाइडवर. आणि जसजशा ओळी वाढत गेल्या तसतशी अक्षरं आपोआप बारीक होत गेली, २८ ची २४, मग २० आणि शेवटी त्याच्याही खाली. ताई खूश, म्हणाल्या बघा सर सगळं मावलं!

सर काही बोलले नाहीत. त्यांनी प्रोजेक्टर लावला, एफ-फाईव्ह दाबलं, स्लाइड पडदाभर झाली, आणि ताईंना म्हणाले जरा मागच्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहा. ताई गेल्या. डोळे बारीक केले. मग हळूच म्हणाल्या, 'सर, आमच्या गटातल्या काकू मागेच बसतात, त्यांना तर यातलं काहीच दिसणार नाही.'

अक्षर स्वतःहून बारीक व्हायला लागलं की समजायचं, नवीन स्लाइड घ्यायची वेळ झाली. कंट्रोल आणि एम, आली नवीन स्लाइड. त्या एका स्लाइडच्या सहा झाल्या. आणि गच्चीची गोष्ट तर स्लाइडवरून काढूनच टाकली, ती ताई तोंडाने सांगणार, तिचा फक्त फोटो राहिला, गच्चीभर पापड आणि कडेला चप्पल काढून बसलेल्या तिघी. स्लाइडखाली नोट्सची जागा असते तिथे ताईंनी दोन शब्द लिहून ठेवले, गच्ची, पाऊस. लोकांना ते दिसत नाही, बोलणाऱ्याला आठवतं.

मराठीसाठी अजून एक बारीकशी गोष्ट आहे आणि ती फारसं कोणी सांगत नाही. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या कोऱ्या डिझाईनमध्ये दोन ओळींमधलं अंतर थोडं कमी ठेवलेलं असतं, ०.९. इंग्रजीला चालतं ते. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. लाइन स्पेसिंगमध्ये जाऊन १.१ किंवा १.२ करा, अक्षरं लगेच मोकळी होतात. मी हे बघेपर्यंत मलाही वाटायचं की मराठी स्लाइड दाटीवाटीचीच दिसते, पण तसं नाहीये हो, जागा दिली की आपली लिपी भिंतीवर फार देखणी दिसते.

फोटो ओढताना कोपऱ्याला धरायचं. मधल्या टिंबाला धरून ओढला तर माणसं बुटकी नाहीतर लांबोडकी होतात, आणि गटातल्या बायकांचा फोटो असा ताणलेला दाखवणं बरं दिसत नाही. अ‍ॅनिमेशनवर सरांनी फार वेळ घालवला नाही. फिरत येणारी अक्षरं एका पोराने शेजारच्या मशीनवर दाखवली, ताईंनी बघितली, म्हणाल्या हे वाचेपर्यंत माणूस दमेल, राहू दे.

चौथ्या दिवशी लाईट गेली. सेव्ह केलं नव्हतं, दोन स्लाइड गेल्या. तेव्हापासून ताईंचा डावा हात दर दोन मिनिटांनी आपोआप कंट्रोल-एसवर जातो. फाईल आता तीन जागी आहे, पेन ड्राइव्हवर, ईमेलवर, आणि पीडीएफ करून मोबाईलमध्ये, कारण तिथल्या मशीनवर पॉवरपॉइंट चाललं नाही तरी पीडीएफ उघडेलच.

मंगळवार. सभागृहात पंखे फुल्ल आणि साठेक बायका. आधीच्या दोन गटांनी स्लाइडकडे तोंड करून सगळं वाचून दाखवलं. ताईंचा नंबर आला, एफ-फाईव्ह दाबलं, पहिल्या स्लाइडवर गटाचं नाव आणि दहा जणींचा फोटो, बस. ताईंनी पाठ फिरवली नाही, समोर बघून बोलत राहिल्या. गच्चीचा फोटो आला तेव्हा थांबून पावसाची गोष्ट सांगितली, सकाळी पापड पसरले आणि दुपारी आभाळ आलं, तेव्हा खालच्या घरातली माणसंसुद्धा धावत वर आली होती. मग त्यांनी कीबोर्डवरचं बी दाबलं, पडदा काळा झाला, लोक गोंधळले, आणि ताईंनी पिशवीतून पापडाचं पाकीट काढून वर धरलं. सगळ्या माना पाकिटाकडे. परत बी दाबलं, स्लाइड आली तशी आली.

शेवटी मागच्या रांगेतून आवाज आला, 'ओ ताई, ते खर्चाचं परत एकदा दाखवा की, उडदाला किती गेले?' ताईंनी मागेपुढे शोधलं नाही. चार दाबलं, एंटर दाबलं. चौथी स्लाइड. उडीद, मजुरी, पाकिटं, गाडीभाडं, चारच ओळी मोठ्या अक्षरात, आणि मागच्या काकूंनी बसल्या जागेवरून त्या मोठ्याने वाचल्या.