संखलाबुरी: संगमावरचा बुडालेला गाव आणि काठावरचं ऑफिस

इथं पाण्यातून वर आलेलं एक पडकं देऊळ आहे, तो जुन्या संखलाबुरीचा बौद्ध मठ, उन्हाळ्यात पाणी उतरलं की इथं चक्क चालत जाता येतं.

थायलंडच्या पश्चिम टोकाला, म्यानमारला चिकटून असलेला हा तालुका, तिकडे आम्फो म्हणतात. प्रांत कांचनाबुरी, पण प्रांताचं मुख्य शहर इथून २०० किलोमीटरच्या वर. सोंगकालिया, बिखली आणि रांती या तीन नद्या इथं भेटतात आणि पुढे ख्वे नोई होते, गाव त्या संगमावरच होतं. १९८४ ला खाली खाओ लाएम धरण पुरं झालं आणि घरं, मठ, दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी टाकलेल्या थायलंड-बर्मा रेल्वेच्या, म्हणजे डेथ रेल्वेच्या, मार्गाचा काही भाग, सगळं पाण्याखाली. त्या रेल्वेवर मलायातून आणलेले तमीळ मजूर हजारोंनी मेले, त्यांचं नाव फारसं कुणी काढत नाही.

गाव वर सरकलं, पण दोन भागांत. एका काठावर सरकारी कचेऱ्या आणि बाजार, समोरच्या काठावर म्यानमारमधून आलेल्या मोन लोकांची वस्ती. मध्ये लुआंग फो उत्तमा या मोन भिक्खूंच्या पुढाकाराने उभा राहिलेला लाकडी पूल, थायलंडमधला सगळ्यात लांब. २०१३ च्या पुरात मधला भाग वाहून गेला तर गावकऱ्यांनी बांबूचा तरंगता पूल टाकून काम चालू ठेवलं. मोन काठावर बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवरचा चेदी, म्हणजे स्तूप, पण आहे. सीमेवरचे ते फेमस तीन पॅगोडे मात्र अगदीच छोटे, मोठी अपेक्षा ठेवून जाऊ नका.

आता कारभार. तालुक्याचा साहेब म्हणजे नाय आम्फो, तो गृहखात्याचा माणूस, वरून नेमलेला, आज इथं उद्या बदली. खाली तीन तांबोन, म्हणजे गावांचे गट, नोंग लू, प्रांग फ्ले आणि लाय वो. गावागावात फू याय बान, म्हणजे गावप्रमुख, हे लोकांनी निवडलेले, आणि तांबोनचा प्रमुख कामनान हा फू याय बान आपल्यातूनच निवडतात. पण खरी ताकद तालुक्याच्या ऑफिसातल्या नोंदणीच्या टेबलावर, कारण इथल्या कितीतरी मोन आणि कॅरेन (सीमाभागातली दुसरी जमात) लोकांकडे थाई नागरिकत्वच नाही, जन्म इथलाच असला तरी, मग नोकरी, जमीन, प्रवास सगळीकडे कागद आडवा येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये थाई मंत्रिमंडळाने देशभरातल्या अशा सुमारे ४ लाख ८० हजार लोकांसाठी प्रक्रिया सोपी करायचा निर्णय घेतला. अर्ज कुठं द्यायचा, तर पुलापलीकडच्या त्याच ऑफिसात.