काळजाचं चुलवाण

(दृश्य : करवीर तालुका. पहाटेचं गुऱ्हाळ.)

काहिलीत रस उकळतोय. गुळव्याची नजर फेसावर, पण सगळा जीव खाली चुलवाणापाशी. तिथला गडी वाळलं चिपाड आत सारतोय. तंबाखू मळायलाही उसंत नाही. जाळ ढिला पडला की गूळ बिघडलाच म्हणायचा.

हृदयाच्या स्नायूपेशीतही चुलवाणं पेटलेली असतात. त्यांचं नाव मायटोकाँड्रिया. पेशीतली जवळजवळ तिसरा हिस्सा जागा त्यांनीच अडवलेली. दिवसाला लाखभर ठोके द्यायचे, तर एवढं जळण लागणारच की! या चुलवाणांना स्वतःचा वेगळा डीएनए असतो, जेमतेम १६,५६९ अक्षरांचा. त्याच्या प्रती काढतं पॉलिमरेज गॅमा नावाचं एन्झाइम. मेख इथंच आहे.

विषाणूंवरची बरीच औषधं म्हणजे खोटी अक्षरं. विषाणू आपली नक्कल काढताना ते अक्षर उचलतो आणि साखळी खुंटते. एचआयव्हीवरचं पहिलं मान्यता मिळालेलं औषध, १९८७ सालचं एझेडटी, याच जातीचं. पण त्या खोट्या अक्षराला पॉलिमरेज गॅमाही फसतं. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या काहींचे हातापायांचे स्नायू दुबळे झाले, काहींचं हृदयही. तरी त्या काळात एचआयव्हीच्या रुग्णापुढं दुसरं होतं काय?

२०१२ साली हिपॅटायटिस सी वरच्या बीएमएस-९८६०९४ या औषधाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली. रुग्णांची हृदयं थकू लागली होती, एकजण दगावला.

(दृश्य : कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाचं फाटक, रुग्णवाहिका.)

कोरोनात रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी लोक दुकानामागून दुकान पालथं घालत होते. हेही खोटं अक्षरच. काही रुग्णांची नाडी त्यानं संथ व्हायची. औषध थांबलं की बहुधा पूर्वपदावर यायची. म्हणून मॉनिटरवरच्या आकड्याकडं लक्ष ठेवायचं.

(दृश्य : प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखालची बशी.)

औषध हृदयाला सोसतंय का ते तपासायला जित्या माणसाच्या काळजाचा तुकडा कोण काढून देणार? म्हणून त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशी आधी मूळपेशी बनवतात, मग त्यांच्यापासून हृदयाच्या. ही वाट दाखवणाऱ्या शिन्या यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं. बशीतल्या या पेशी कुणी न सांगता आपापल्या धडधडतात. धक... धक...

आता त्यावर औषधाचा थेंब. आणि ठोके मोजायचे.