इंजिनाचा श्वास आणि आगळाची बाटली

(पडद्यावर: पत्र्यावर पडणारा पाऊस. जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेले जुने टायर. आत दिव्याच्या उजेडात उघडं बोनेट.)

कुडाळच्या अलीकडे, महामार्ग 66 सोडून आत वळलं की फणसाच्या झाडाखाली हे गॅरेज आहे. पाटी नाही. विचारत यावं लागतं. गणपती आठ दिवसांवर आलेत, आणि या दिवसांत कोकणात गॅरेजमध्ये जागा मिळणं म्हणजे कोकणकन्येचं आरक्षण मिळण्यासारखंच. तरीही मधली सगळी जागा गेले तीन दिवस एकाच गाडीने अडवली आहे.

गाडी परदेशी बनावटीची आहे, तीन लिटरची, व्ही आकारात सहा सिलिंडर असलेली. बिल्ला आम्ही मुद्दाम दाखवत नाही. पुढे जे दिसणार आहे ते या रचनेच्या बहुतेक इंजिनांना वयाप्रमाणे होतंच, कुणा एका कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मालक डोंबिवलीला राहतात. ही गाडी त्यांनी हौसेने जुनी घेतली आणि गेली दोन वर्षं ती गावच्या घरी खोपीत उभी असते. सणासुदीला बाहेर निघते.

तक्रार काय? कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, कमी होतं, पण जमिनीवर थेंब पडत नाही. गाडी उभी असताना बोनेटमधून बारीक शीळ ऐकू येते. घाट उतरून पुन्हा पाय दाबला की मागे निळसर धूर निघतो. आणि पुढून वास येतो, काकवी करपल्यासारखा गोडसर.

वाटेतल्या एका मेकॅनिकने सल्ला दिला होता: थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट अडवणारी झडप) काढून टाका, साधं पाणी ओता, कोकणात काय बर्फ पडतोय?

हा सल्ला आपल्याकडे इतका चालतो, की त्याच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं मिसळलं की ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं, आणि कुडाळात त्याचा उपयोग शून्य, हेही खरं. पण तेच मिश्रण समुद्रसपाटीला साधारण 107 अंशांना उकळतं, आणि कूलंटच्या टाकीचं झाकण दाब धरून ठेवतं म्हणून प्रत्यक्षात त्याच्याही बरंच वर. शिवाय त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात. इंजिनाचा ठोकळा ॲल्युमिनियमचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादी. विहिरीचं पाणी भरलं, की हे सगळे धातू एकमेकांना आतून खाऊ लागतात. बाहेरून खाण्याचं काम समुद्राचा वारा करतोच आहे. या गाडीच्या रेडिएटरच्या पात्यांवर पांढरी भुकटी जमलीय, आणि तिच्यावर तांबड्या मातीचा थर आहे.

थर्मोस्टॅट काढण्याचा परिणाम तर आणखी फसवा. इंजिन नीट तापत नाही. तापलं नाही की तेलात उतरलेली वाफ उडून जात नाही. आधीच दमट हवा, त्यात बाजारापर्यंत जाऊन परत यायचं एवढीच धाव. मग तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसतो आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, हेड गॅसकेट (ठोकळा आणि त्याच्यावरच्या डोक्यामधलं पॅकिंग) गेलं! बऱ्याचदा ते गेलेलं नसतं.

(पडद्यावर: मिस्त्रींचे हात. पारदर्शक नळी, लाकडाची फळी, बाटली.)

इथले मिस्त्री पाना उचलण्याआधी स्वयंपाकघरात गेले. परत आले ते कोकमाच्या आगळाची, म्हणजे घट्ट रसाची, बाटली घेऊन.

"घाय नको," ते म्हणतात. "पयला मापूया, मगे खोलूया."

एका फळीवर त्यांनी पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून खिळ्यांनी बसवली आहे. तिच्यात पाणी, आणि पाणी दिसावं म्हणून दोन चमचे आगळ. नळीचं एक टोक मोकळं. दुसरं टोक आधी एका रिकाम्या बाटलीत आणि तिथून तेलाची कांडी जिथे खोचतात त्या नळीवर. मधली बाटली कशाला, तर इंजिनाने फार ओढलं तर आगळ आत जाऊ नये म्हणून. एक सेंटिमीटर पाण्याचा फरक म्हणजे जवळपास एक मिलिबार. याच कामाचं तयार यंत्रही विकत मिळतं. इथे घरातल्याच वस्तूंवर काम चाललंय, आणि मोजमाप तेवढंच खरं आहे.

मोजायचं काय? इंजिनाचा श्वास.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या, तरी जळालेल्या वायूतला थोडा भाग त्यांच्या बाजूने निसटून खाली उतरतो. मेकॅनिक त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात वाफ असते, न जळलेलं पेट्रोल असतं, आम्लं असतात. क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, हे कोंडून राहिलं तर तेल खराब होतं आणि दाब वाढून सील बाहेर ढकलली जातात. पूर्वी यासाठी एक उघडी नळी इंजिनाखाली सोडलेली असे, सगळं रस्त्यावर. त्या वाफा परत सिलिंडरमध्ये नेऊन जाळायची सक्ती आधी कॅलिफोर्नियात आली, 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, तिथल्या शहरांवरच्या धुरक्यामुळे. या वाफांची वाट सांभाळणारा ब्रीदर हा भाग पुढे सगळीकडच्या मोटारींत आला.

साध्या इंजिनात हे सोपं असतं. इंजिन हवा ओढतंच, तीच ओढ वाफाही खेचून घेते. या गाडीत आहे तसा सुपरचार्जर आला की गोष्ट बदलते. तो पट्ट्यावर फिरतो आणि हवा कोंबतो. त्याच्या पुढ्यात ओढ असते आणि पाठीमागे दाब. वाफांची वाट चुकून पाठीमागे उघडी राहिली, तर हवा उलटी क्रँककेसमध्ये शिरेल. म्हणून वाफा त्याच्या तोंडाशी सोडतात, आणि मागे जाणारी वाट असलीच तर तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप ठेवतात. उलट, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असताना ओढ इतकी जबर असते की ती क्रँककेस पार शोषून घेईल. तिला लगाम म्हणून रबराचा एक पडदा, पापडाएवढा पातळ. या सगळ्या व्यवस्थेची मदार त्या पडद्यावर.

निरोगी इंजिनात नळीतल्या पाण्याचा फरक वीत-दीड वीत असतो. प्रत्येक इंजिनाचा नेमका आकडा त्याच्या पुस्तकात दिलेला असतो. इथे मात्र गाडी सुरू झाली आणि कोकमाचं पाणी सरळ वर चढून मधल्या बाटलीत जाऊन पडलं.

"बघलंस?" मिस्त्री गॅरेजमधल्या पोराला विचारतात. "पडदो फाटलो."

शीळ त्या फटीतून येत होती. निळा धूर तेल ओढलं गेल्याचा. चालू इंजिनावर तेलाचं झाकण उघडायला गेलात आणि ते आतून कुणी धरून ठेवल्यासारखं निघेना, तर समजायचं हेच झालंय.

(पडद्यावर: सकाळ. पाऊस थांबलेला. इंजिनाचा वरचा भाग जवळून.)

आता खरी अडचण. फाटलेला पडदा ब्रीदरच्या डबीत आहे, आणि ही डबी व्हीच्या दोन हातांच्या मधल्या खळग्यात. थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप त्याच खळग्याच्या तोंडाशी. आणि या सगळ्यावर, उरलेल्या जागेत बरोबर मांडून बसलेला, सुपरचार्जर.

 त्याच्या आत एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर असतात, आणि ही कल्पना मोटारीहून जुनी. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रूट्स बंधूंनी 1860मध्ये तिचं पेटंट घेतलं, पुढे असे पंखे भट्ट्यांना आणि खाणींना वारा घालायला वापरले गेले. 1885मध्ये गॉटलीब डाइमलरने इंजिनात जास्तीची हवा कोंबण्याचं पेटंट काढलं. 1921च्या बर्लिन प्रदर्शनात मर्सिडीजने सुपरचार्जर लावलेल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. तो खळग्यातच का, तर तिथे बसवला की हवेला सिलिंडरपर्यंत वीतभरच जायचं असतं, पाय दाबताच गाडी उसळते. पण हवा दाबली की तापते. म्हणून त्याच्या पोटातच पाण्याचे छोटे रेडिएटर असतात, त्यांच्यासाठी वेगळा विजेवरचा पंप आणि पुढे वेगळा रेडिएटर. थोडक्यात, या गाडीत पाण्याचे दोन संसार आहेत, आणि दोन्ही सांभाळावे लागतात.

इंजिन रात्रभर थंड होऊ दिलंय. बॅटरीची तार काढली, पेट्रोलच्या लाइनमधला दाब सोडला, कूलंट बादलीत उतरवलं. मग पट्टा, नळ्या, तारांचे जोड. प्रत्येक जोडावर पोरगा रंगीत चिकटपट्टी लावतो आणि बोल्ट जुन्या अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवतो. पोलादी बोल्ट ॲल्युमिनियममध्ये खाऱ्या हवेने धरून बसतात. दोन बोल्टांना अर्धा तास गेला. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून सुपरचार्जर उचलला.

(पडद्यावर: खळगा. काही क्षण निवेदन नाही.)

न गळणारं कूलंट कुठे जात होतं ते इथे दिसतं. थर्मोस्टॅटच्या प्लास्टिकच्या घराला केसाएवढी चीर. तिथून झिरपलेलं कूलंट खळग्यात साचायचं, गरम ठोकळ्यावर आटायचं, आणि मागे गुलाबी खडी उरायची. करपल्या काकवीचा वास याचाच.

हवेची सहा तोंडं उघडी झाली आहेत. त्यांत पहिल्यांदा स्वच्छ फडकी कोंबली. सहा फडकी. पोराने भिंतीवर खडूने आकडा लिहून ठेवला, कारण एक जरी फडकं आत राहिलं तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

तोंडांच्या आत झडपांवर डांबरासारखा काळा थर आहे. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं, झडपा त्याने धुतल्या जात नाहीत, आणि ब्रीदरमधून आलेलं तेलाचं धुकं त्यांच्यावर भाजून चिकटतं. मोठ्या शहरांत अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून हे साफ करतात. पोराने लगेच विचारलं, काका, मग काजूची टरफलं चालतील का? मिस्त्री पोट धरून हसले. काजूच्या टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी सोलवटते, हे त्या पोराच्या घरच्यांनाही चांगलं ठाऊक आहे. शेवटी एकेका सिलिंडरच्या झडपा बंद करून घेऊन द्रावण आणि ब्रशने काम झालं. संध्याकाळ त्यातच गेली.

बदलले गेले ते भाग असे: ब्रीदरची डबी तिच्या पॅकिंगसह, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, पाण्याच्या दोन प्लास्टिक नळ्या, सगळ्या ओ-रिंगा (जोडांतली रबराची कडी). पंप अजून गळत नव्हता. मालकांनी विचारलंच, चांगला आहे तर कशाला? हिशोब साधा आहे. सामानापेक्षा इथवर पोचण्याची मजुरी जड, आणि पंप पुढच्या दिवाळीत गेला तर हा डोंगर पुन्हा उपसायचा. मला स्वतःला हा हिशोब पटतो, जरी याच वाक्यावर काही गॅरेजवाले नको ते सामानही गळ्यात मारतात. म्हणून इथले मिस्त्री जुना भाग मालकाच्या हातात देतात. डोंबिवलीच्या साहेबांनी जुन्या नळीला चिमटा काढला, तर ती चकलीसारखी मोडली. हे प्लास्टिक किलोमीटरवर म्हातारं होत नाही, वर्षांवर आणि तापण्या-निवण्यावर होतं. गाडी खोपीत उभी होती म्हणून वाचली, असं नसतं.

जुना थर्मोस्टॅट चुलीवर गेला. पातेल्यात पाणी, पाण्यात थर्मामीटर, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेण असतं. ते वितळून फुगलं की झडप उघडते. पाणी उकळू लागलं तरी याची झडप निम्मीच उघडली.

बसवताना एक बारीक गोष्ट, जी फार जण चुकतात. पाण्याच्या ओ-रिंगला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही. तिचं रबर खनिज तेलाने फुगतं आणि पुन्हा गळती. बोट कूलंटमध्ये बुडवून तेच लावायचं. आणि बोल्ट मनगटाच्या अंदाजाने आवळायचे नाहीत. 6 मिलिमीटरच्या बोल्टला 9-10 न्यूटन-मीटर खूप झालं. त्यापुढे ॲल्युमिनियमचे आटेच निघून येतात.

फडकी मोजली. पाच! भिंतीवर खडूने सहा.

सहावं पोराच्या खांद्यावर होतं. पण ते सापडेपर्यंत गॅरेजमध्ये कुणी बोललं नाही.

(पडद्यावर: घाटाची वळणं, धुकं, स्कॅनरचा पडदा.)

कूलंट वरून ओतलं तर अशा इंजिनात हवेचे बुडबुडे अडकतात. म्हणून काँप्रेसरच्या साहाय्याने आतली हवा आधी खेचून घेतली, दाबमापकाचा काटा दहा मिनिटं तसाच राहतो का पाहिलं, आणि मग त्या पोकळीनेच कूलंट ओढून घेतलं. नंतर दाणोलीवरून आंबोली घाट. चढ, खालचा गिअर, एसी चालू. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे मिस्त्री बघतही नाहीत. बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो, वीसेक अंश इकडेतिकडे झाले तरी हलत नाही. ते गाडीच्या संगणकाला जोडलेल्या स्कॅनरवरचे आकडे वाचतात. आंबोलीच्या बाजारापर्यंत, साधारण 690 मीटर उंचीवर, आकडे शांत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, टाकीतली पातळी बोटभर उतरलेली दिसली. कुठेतरी उरलेला बुडबुडा निघून गेला होता. तेवढं भरलं, झाकण लावलं, टाकीवर मार्करने तारीख घातली.

मग पुन्हा ती फळी, ती नळी. गाडी सुरू. कोकमाचं पाणी एका बाजूने चढलं, दोन बाजूंत वीतभर फरक पडला, जरासं थरथरलं आणि थांबलं.

मालक फोटो काढत होते. आतून मिस्त्रींच्या घरच्यांची तिसऱ्यांदा हाक आली. जेवायची वेळ झाली होती आणि सोलकढीसाठी आगळाची बाटली अजून बोनेटवरच होती.