उरलेल्या फितींवरची आठवण

मित्रहो, जुन्या दूरचित्रवाणी मालिकांचा विषय निघाला की प्रत्येक पिढी आपल्याच दशकाला सुवर्णकाळ ठरवते. मानसशास्त्राचे अभ्यासक त्याचे कारण असे देतात, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात पुढे अधिक ठळकपणे टिकून राहतात. हे स्पष्टीकरण मला मान्य आहे, पण ते पुरेसे वाटत नाही. १९८७ साली सुरू झालेली ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनने २०२०च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवली, तेव्हा ती ‘आपल्या जुन्या काळातली’ म्हणून आवडीने पाहणाऱ्यांत मूळ प्रसारणानंतर जन्मलेलेही पुष्कळ होते. माझ्या मते ही ओढ कोणत्या कार्यक्रमांभोवती जमणार, हे बव्हंशी दोन गोष्टींनी ठरते : कार्यक्रम कशावर मुद्रित झाला आणि तो पुढे किती वेळा दाखवला गेला. गुणवत्तेचा क्रमांक त्यानंतर लागतो, हे म्हणणे जिवावर येते खरे.

१९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतले बरेचसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत, आणि त्यांची नोंद ठेवायची झाल्यास पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून धूसर प्रत काढली जाई. १९५१ साली ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका सुरू होताना तिच्यात मुख्य भूमिका करणाऱ्या ल्यूसिल बॉल आणि देसी आर्नाझ या दांपत्याला हॉलिवूड सोडून न्यूयॉर्कला जायचे नव्हते, आणि पूर्वेकडच्या प्रेक्षकांना असली धूसर प्रत दाखवणे प्रायोजकांना मंजूर नव्हते. तेव्हा प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रीकरण करण्याचे ठरले, वाढीव खर्चापोटी दोघांनी मानधनात कपात पत्करली आणि मोबदल्यात त्या फिल्मची मालकी मागून घेतली. त्या मालकीतून पुनःप्रसारणाचा व्यवसाय उभा राहील, याची तेव्हा वाहिनीला फारशी कल्पना नसावी. आजही ती मालिका लख्ख दिसते याचे श्रेय त्या तडजोडीला आहे. तिच्याच काळातले कितीतरी थेट कार्यक्रम मात्र ज्या दिवशी दिसले त्याच दिवशी संपले, आणि ते चांगले होते की वाईट, हे आता ठरवता येत नाही.

पुनःप्रसारणाने काही मालिकांना दुसरा जन्म दिला. ‘स्टार ट्रेक’ १९६६ ते १९६९ या काळात ७९ भाग दाखवून बंद पडली, कारण वाहिनीच्या हिशेबात तिचा प्रेक्षकवर्ग अपुरा होता. पुढे १९७०च्या दशकात स्थानिक केंद्रांनी तेच भाग पुन्हा पुन्हा दाखवले, आणि तिचा खरा चाहतावर्ग तेव्हा तयार झाला. म्हणजे ज्या मालिकेला आपण साठच्या दशकाची खूण मानतो, तिच्यावरचे प्रेम प्रामुख्याने सत्तरच्या दशकातले आहे.

१९५६ साली अँपेक्स कंपनीने चित्रफितीवर मुद्रण करणारे यंत्र आणले, तेव्हा जतनाचा प्रश्न सुटायला हवा होता. घडले उलटेच. फीत महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. ब्रिटनमध्ये त्यात भर पडली ती कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांची, कारण त्यांनी पुनःप्रसारणावर मर्यादा घातल्या होत्या. जो कार्यक्रम पुन्हा दाखवायचाच नाही, तो कपाटात ठेवून काय करायचे, असा हिशेब बीबीसीत १९७०च्या दशकातही चालत असे. १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा मालिकेचे नव्वदहून अधिक भाग या हिशेबात गेले. चंद्रावरच्या पहिल्या पावलाच्या रात्रीचे बीबीसीचे स्टुडिओतले निवेदनही बहुतांशी उरलेले नाही.

‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या भागांचा ध्वनी मात्र टिकला, कारण काही प्रेक्षकांनी दूरचित्रवाणी संचाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून तो घरी मुद्रित केला होता. चित्राच्या ज्या प्रती सापडल्या, त्यातल्या अनेक परदेशी केंद्रांना विक्रीसाठी पाठवलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या होत्या, आणि या शोधांचे परिणाम मला फार उद्बोधक वाटतात. ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही १९६७ची चार भागांची कथा हरवलेली असताना चाहत्यांच्या लेखी अद्वितीय होती. १९९१च्या अखेरीस ती हाँगकाँगहून मिळाली, आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर अनेकांचा उत्साह ओसरला. याउलट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या सहा भागांच्या कथेचा केवळ तिसरा भाग उपलब्ध होता, आणि त्यावरून तिला दुय्यम लेखले जाई. नायजेरियातल्या जोस शहरातून सापडलेले बाकीचे भाग २०१३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा तिची प्रतिष्ठा एकाएकी वाढली. दोन्ही कथांत पॅट्रिक ट्रॉउटन हाच नायक आहे, आणि दोन्हींचे मूळ प्रसारण वर्षभराच्या आत झाले होते. दोन्ही कथा जशा होत्या तशाच राहिल्या होत्या, फक्त त्या पाहायला मिळत नव्हत्या.

सापडलेली वस्तू मूळचीच असेल, याचीही खात्री नसते. १९७८ ते १९८२ या काळातली ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही मालिका एका रेडिओ केंद्राची गोष्ट सांगते, त्यामुळे तिच्यात लोकप्रिय गाणी भरपूर होती. पुढे त्या गाण्यांचे परवाने टिकवणे महाग पडू लागले आणि नंतरच्या आवृत्त्यांत अनेक ठिकाणी दुसरेच संगीत घालण्यात आले. मूळ प्रसारण पाहिलेल्या माणसाला प्रसंग ओळखीचा वाटतो आणि सूर परका, तर नव्या प्रेक्षकाला काही बदलले आहे हे कळतच नाही. हा प्रकार मला फीत पुसण्याहूनही अधिक खटकतो, कारण पुसलेल्या फितीची निदान उणीव तरी जाणवते.

आता सारे काही कायमचे उपलब्ध आहे, असा समज पसरला आहे. ‘विलो’ ही मालिका डिस्ने प्लसवर नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, जानेवारी २०२३ मध्ये संपली आणि मे २०२३ मध्ये कंपनीने ती सेवेतून काढून टाकली. १९७५-७६ नंतर घरोघरी आलेल्या व्हिडिओ रेकॉर्डरमुळे निदान प्रेक्षकांच्या कपाटात प्रती तरी राहत. मासिक वर्गणी भरणाऱ्याच्या हाती तसे काही राहत नाही, आणि या दशकातल्या कोणत्या मालिकांची आठवण पुढे काढता येईल, हे ठरवण्याचा अधिकार पुन्हा त्याच हिशेबनीसांकडे गेला आहे.