डिस्चार्ज कार्डाच्या पुढचं

(परदेशातल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी थोडं संपादित.)

नमस्कार मंडळी.

संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, "तुमच्या कामाबद्दल बोला, पण विषय फार जड नको." मी प्राध्यापक, माझा विषय समाजकार्य आणि मानसिक आरोग्य. तो हलका करता येत नाही. सोपा करता येतो, तेवढं करते.

मी ठाण्याची, नौपाड्यातली. मुंबईकडच्या मंडळींना "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य सांगायला नको. परळच्या मामाकडे गेलं की कुणीतरी ते म्हणायचंच, आणि आम्ही ठाण्याची मुलं गप्प व्हायचो. ज्या मनोरुग्णालयावरून ते बोललं जायचं ते १९०१ सालचं आहे, नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक, मंजूर खाटा १,८५०. ठाणे आणि मुलुंडच्या मध्ये जे नवं स्टेशन होऊ घातलंय, ते याच इस्पितळाच्या जमिनीच्या एका भागावर. शाळेत असताना आम्ही त्या भिंतीजवळून जायचो, पण आत कोण राहतं हे कुणी विचारत नसे आणि कुणी सांगतही नसे.

बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं आणि पुढे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण, केलं. समाजकार्याच्या शिक्षणाची एक गोष्ट मला अजून फार मोलाची वाटते. आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं. वर्गात शिकलेलं वस्तीत, दवाखान्यात, कोर्टात जाऊन करायचं, रात्री बसून त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात सुपरव्हायजरसमोर त्याची चिरफाड व्हायची. या देशात ही पद्धत रुजली ती मुंबईत. १९३६ साली नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या देखरेखीखाली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९५४ मध्ये ती देवनारला आली.

फील्डवर्कसाठी माझं प्लेसमेंट एका सरकारी मानसोपचार ओपीडीत होतं. काम साधं दिसणारं: नातेवाइकांशी बोलून केस हिस्टरी लिहायची. आजार कधी सुरू झाला, घरात आधी कुणाला होता का, झोप कशी, जेवण कसं. फाइली चाळताना एक गोष्ट सारखी दिसायची. माणूस भरती झाला, सुधारला, डिस्चार्ज मिळाला, काही महिन्यांनी पुन्हा भरती. दुसऱ्या भरतीच्या कारणापुढे बहुतेक वेळा एवढंच असे: औषधं बंद केली.

का बंद केली, हे फाइलीत कुठेच नव्हतं. ते होम व्हिजिटला कळायचं. दिघ्याच्या चढावर एका घरी गेले होते. मुलगा रबाळ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जायचा. गोळ्यांनी सकाळी त्याला जाग येईना, दोनदा खाडा झाला, मुकादमाने तंबी दिली. आई म्हणाली, "नोकरी गेली तर खायचं काय? गोळी मीच बंद केली." त्या माऊलीला आजाराबद्दल अज्ञान नव्हतं. आपल्यापुढचे दोन धोके तिने तोलले होते. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलता येते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते विचारायला ठाण्याला यायचं तर एका दिवसाची मजुरी जाणार. माझं पुढचं सगळं संशोधन या एका प्रश्नाभोवती आहे: डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर घरात काय होतं?

हा प्रश्न मी शोधलेला नाही. १९५०च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन मनोरुग्णालयातून सुटलेल्या पुरुषांचा माग काढत होते. ते डॉक्टर नव्हते, समाजाचा अभ्यास करणारे होते. त्यांना दिसलं ते सगळ्यांच्या अपेक्षेविरुद्ध होतं. आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले लोक जास्त वेळा पुन्हा आजारी पडत होते. भावाबहिणीकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेले त्या मानाने बरे राहत होते. मग घरातलं बोलणं कसं असतं याचं मोजमाप सुरू झालं. सतत टोकणं, राग, आणि त्याचबरोबर जिवाला लावून घेणारी अति काळजी, या तिन्हींचा संबंध आजार उलटण्याशी दिसला. पुढे चंदीगडला डॉ. एन. एन. विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच मोजणी केली. १९८७ मध्ये छापून आलेल्या त्या निष्कर्षांत आपल्याकडची घरं लंडनच्या मानाने कमी टोकणारी निघाली.

हे वाचून आपल्याकडे पुष्कळांना आनंद झाला. बघा, आपली कुटुंबव्यवस्था! मलाही विद्यार्थिदशेत झाला. पण त्या घरात दिवसभर कोण असतं, हा प्रश्न बाजूला ठेवून तो आनंद मानता येत नाही. शैला पै आणि आर. एल. कपूर यांनी १९८१ मध्ये कुटुंबावरच्या भाराची एक प्रश्नावली तयार केली. पैसा, घरातली रोजची कामं, विरंगुळा, आपसांतले संबंध, इतरांचं शरीर आणि इतरांचं मन, असे तिचे भाग आहेत. ती घेऊन कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत फिरलं की उत्तरं देणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाईच असते. आई, बायको, वहिनी, क्वचित धाकटी बहीण, जिचं शिक्षण मध्येच थांबलेलं असतं. "तुम्हाला स्वतःसाठी वेळ मिळतो का?" असं विचारलं की त्या आधी हसतात. मग बराच वेळ बोलत नाहीत.

आणि याच बायकांकडे असं ज्ञान असतं, जे आमच्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात नाही. एका आईने मला सांगितलं होतं की मुलाचा आजार उलटणार असेल तर तिला आधी कळतं. तो चहा अर्धा ठेवायला लागतो, अंघोळीला टाळाटाळ करतो, आणि खिडकीचा पडदा दिवसाही ओढून घेतो. डॉक्टरांच्या लक्षात येण्याआधी कितीतरी दिवस तिने ते टिपलेलं असायचं. ओपीडीत तिला बोलायला मिळायचा तो वेळ इतका तोकडा, की हे सांगायचं राहूनच जाई. माझ्या पीएच.डी.चा सर्वांत चांगला भाग कुठला असं कुणी विचारलं, तर अशा आयांनी सांगितलेली ही पूर्वलक्षणं लिहून काढणं, हे माझं उत्तर आहे. तो भाग त्यांचा आहे.

नातेवाइकांना उपचारात सामील करून घेण्याची कल्पनाही आपल्याकडची जुनी आहे. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांबरोबर घरच्यांनाही राहायला बोलावलं. नातेवाईक रोज शिकत, रोज बघत, आणि माणूस बरा झाला की त्याला घेऊन जात. साखळदंड आणि उंच भिंतींच्या त्या काळात हे केलं गेलं, याचं मला आजही नवल वाटतं. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग हे सगळीकडे का झालं नाही? याचं उत्तर सोपं नाही. इस्पितळं माणसं ठेवून घेण्यासाठी बांधली गेली होती, आणि आपल्यालाही ते सोयीचं होतं. २०१९ मध्ये देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांच्या पाहणीचा अहवाल आला. तिथल्या ३६ टक्क्यांहून अधिक व्यक्ती वर्षभरापेक्षा जास्त काळ तिथेच राहत होत्या. त्यांतल्या अनेकांना आता इस्पितळाची गरज नव्हती. न्यायला कुणी आलं नव्हतं.

आमच्या ठाण्यात या चित्राची दुसरी बाजूही बघायला मिळते. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी आणि डॉ. शुभा थत्ते यांनी 'आय.पी.एच.' ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी तिथे 'त्रिदल' हा पुनर्वसनाचा विभाग आहे. तिथे आजारातून जाणाऱ्याला शुभार्थी म्हणतात, त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर. या शुभंकरांच्या गटात मी पुष्कळदा बसले आहे. नवी आलेली आई रडत असते. तिथे वर्षानुवर्षं येणारी दुसरी आई तिला विचारते, "रात्री झोपतेस का तू?" असा प्रश्न विचारायला मला पदवीनंतर बराच काळ लागला असता.

आता प्राध्यापकीबद्दल थोडं, कारण इथे बसलेल्या दोघी-तिघी मुलींनी मघाशी विचारलं की या क्षेत्रात यायचं तर काय करावं लागतं. एम.एस.डब्ल्यू. करा. मानसोपचार समाजकार्यात विशेष शिक्षण हवं असेल तर बंगळुरूची 'निम्हान्स' ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था सगळ्यांत जुन्या केंद्रांपैकी आहे. मात्र एक अडचण ठाऊक असू द्या. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मानसोपचार समाजकार्यकर्त्याची व्याख्या एम.फिल.शी जोडलेली आहे, आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं. या विषयाला मुदतवाढ मिळाली ती २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत. आधीच माणसं कमी असलेल्या क्षेत्रात अशी अनिश्चितता ठेवणं मला योग्य वाटत नाही, आणि हे मी प्रत्येक व्यासपीठावर बोलते.

नोकरीत आल्यावर आणखी एक ओढाताण असते. बढतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. होम व्हिजिटा कोण मोजणार? निबंध इंग्रजीत, परदेशी नियतकालिकांत छापले जातात, आणि ज्या घणसोलीच्या बाईने दोन तास बसून उत्तरं दिली तिच्यापर्यंत ते कधीच पोचत नाहीत. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांसाठी एक अट आहे. प्रबंध सादर करण्याआधी निष्कर्ष मराठीत लिहून त्याच कुटुंबांना वाचून दाखवायचे. कधी कधी त्या बायका म्हणतात, "हे असं नाही हो." मग ते प्रकरण पुन्हा लिहावं लागतं. विद्यार्थी कुरकुरतात, पण प्रबंध सुधारतो.

एक मोठा आकडा सांगते, कारण तो आपल्या सगळ्यांचा आहे. 'निम्हान्स'ने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि बहुतेक आजारांत १०० पैकी ७० ते ९२ जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्यासाठी तशी मोजणी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्याशी. दर महिन्याला मला परदेशातून फोन येतात. भाऊ वाशीत एकटा राहतो, दार उघडत नाही. घोडबंदरला आई आहे, तिला शेजाऱ्यांचे आवाज ऐकू येतात. फोन करणाऱ्याच्या आवाजात धास्ती असते आणि दूर असल्याचा अपराधीपणाही. माझ्या मुलाखतींत 'परदेशातला भाऊ' सारखा येतो. पैसे पाठवतो, हे सगळ्या कृतज्ञतेने सांगतात. मग वहिनी हळूच म्हणते, "फोन करतात ना, पण यांचीच चौकशी करतात." तिची चौकशी कुणी करत नाही. माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे, पुढच्या फोनवर त्या वहिनीशी बोला. आजाराबद्दल नव्हे. तिची पाठ दुखते का, ती माहेरी कधी गेली होती, पंधरा दिवस कुणी घर सांभाळलं तर तिला जाता येईल का, हे विचारा. आणि ते पंधरा दिवस सांभाळायला तुमची भारतभेट वापरता आली तर फारच चांगलं.

मघाशी सांगितलेल्या २०१७च्या कायद्यातल्या काही गोष्टी उपयोगाच्या आहेत. घरचे नेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्या कारणावरून कुणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही. तिथे सक्तीने मुंडण करता येत नाही, स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं, तेव्हा आईवडिलांची पॉलिसी काढून तपासा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर तिथल्या घरच्यांना १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर द्या. २०२२ पासून तो सुरू आहे.

आणि प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवता येतो. आपण आजारी पडलो तर उपचाराचे निर्णय घ्यायला कुणी मदत करावी, हे बरं असतानाच लिहून ठेवायचं. साधा कागद, सही किंवा अंगठा आणि त्या प्रतिनिधीची लेखी संमती, बस. आजारी माणसाला स्वतःला विचारून, त्याच्या मनाने हे नाव ठरायला हवं; भावाने परस्पर ठरवायचं नाही. त्याचा मराठी नमुना मी सोबत आणला आहे. जेवणानंतर मी डावीकडच्या छोट्या खोलीत बसणार आहे. ज्यांना नमुना हवा असेल, किंवा घरातलं काही चारचौघांत बोलता येत नसेल, त्यांनी तिथे या. दार लावून घेऊ.